अल्टिमेट फ्रिस्बीचे फोटो: वाळूवर जावं की गवतावर?

अल्टिमेट म्हणजे चेंडूऐवजी डिस्क, म्हणजे फेकायची चकती, घेऊन खेळायचा सांघिक खेळ. गवताच्या मैदानावर सातास सात खेळाडू, वाळूवर पाचास पाच. फोटो काढणाऱ्यासाठी बाकीचे बरेच फरक इथूनच निघतात. शनिवार-रविवारी एकाच स्पर्धेला जाणं जमणार असेल आणि कुठली निवडावी ठरत नसेल, तर आधी अंतराचा हिशेब करा.

गवतावरचं मैदान १०० मीटर लांब, ३७ मीटर रुंद; दोन्ही टोकांना १८ मीटरचे एंड झोन, जिथे साथीदाराने फेकलेली डिस्क झेलली की गुण. वाळूवर तेच ७५ बाय २५ होतं. ७०-२०० मिमीची झूम लेन्स लावून किनाऱ्यावर एंड झोनच्या कोपऱ्यापाशी बसलात की बहुतेक खेळ आवाक्यात येतो. मोठ्या मैदानावर त्याच जागेवरून पलीकडची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. तिथे एक टोक निवडावंच लागतं.

कुठलं टोक? नवखे इथे हमखास चुकतात. गुण झाला की ते लगेच कॅमेरा उचलून दुसऱ्या टोकाला धावतात. पण या खेळात गुण करणारा संघ त्याच टोकाला थांबतो आणि तिथूनच पुढची डिस्क फेकतो. समोरचा संघ ती घेऊन त्याच टोकाकडे चाल करून येतो. म्हणजे दर वेळी डिस्क घेऊन येणारा संघच गुण करत राहिला तर सगळे गुण तुमच्याच पुढ्यात होतात. बसल्या जागेवरून हलू नका.

किनाऱ्यावर मात्र वारा हे गणित बिघडवतो. १७५ ग्रॅमची चकती वाऱ्यात कुठेही जाते, ताबा सारखा बदलतो, गुण कधी इकडे तर कधी तिकडे. वारा लांबीच्या दिशेने असेल तर तो ज्या टोकाकडे वाहतो तिथे बसावं. सोपे गुण तिथेच होतात.

आता झेप. वाळूवर माणूस मागचापुढचा विचार न करता अंग झोकून देतो, शिवाय वाळू उडते ती वेगळीच. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर 'गवत' हे बऱ्याच मैदानांचं नुसतं नाव असतं. खाली मुरूम, आणि कोपर-गुडघे सोलून घ्यायला कुणाला आवडतं? लेआउटचे, म्हणजे अंग आडवं झोकून घेतलेल्या झेपेचे, फोटो हवेत तर किनारा. उंच उडीचे हवेत तर मैदान, कारण वाळूत पाय रुततात आणि उडी कमी पडते. उडीचा फोटो टिपणं तसं वाटतं त्यापेक्षा सोपं. डिस्क चेंडूसारखी झपकन पडत नाही, तरंगत राहते आणि खाली तीन-चार जण जमतात. तिच्यामागे फोकस पळवू नका. त्या घोळक्यावर फोकस धरा आणि थांबा. शटर १/१००० सेकंदाहून हळू नको, शक्य असेल तर १/१६००.

दुपारच्या उजेडात मी वाळूला झुकतं माप देते. मैदानावर बाराच्या उन्हात टोपीखालचे डोळे काळे खड्डे दिसतात. कोरडी वाळू तोच उजेड खालून चेहऱ्यावर फेकते, फुकटचा रिफ्लेक्टर. फक्त कॅमेरा त्या चकाकीला फसून फोटो काळपट काढतो, म्हणून एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप वर ठेवावं. चेन्नईच्या किनाऱ्यावर सकाळी सूर्य समुद्राकडून येतो, कोकणात आणि गोव्यात संध्याकाळी. समुद्राकडे पाठ केलीत तर चेहरे उजळ, तोंड केलीत तर नुसत्या काळ्या आकृत्या. कधीकधी त्याच जास्त देखण्या असतात!

पार्श्वभूमी दोन्हीकडे वैतागच. इकडे पिशव्या, पाण्याचे जार, पार्क केलेल्या बाइक्स. तिकडे घोडेवाला आणि भेळेची गाडी. मला घोडेवाला चालतो.

वाळूची खरी किंमत कॅमेरा मोजतो. एका रविवारी उपांत्य सामन्याच्या मध्येच मी लेन्स बदलली, पाठ वाऱ्याकडे केली होती तरीही. संध्याकाळी झूम फिरवताना करकर असा बारीक आवाज आला आणि पोटात गोळा आला. साफसफाईला जे पैसे गेले त्यात दोन स्पर्धांचा प्रवास झाला असता. तेव्हापासून किनाऱ्यावर एकच लेन्स, सकाळी घरीच लावलेली, आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने. वाइड फोटो मोबाइलवर.

तो वाइड फोटो चुकवू नका. या खेळात सहसा पंच नसतो. फाउल झाला की खेळाडूच थांबून आपसात बोलतात, आणि सामना संपला की दोन्ही संघ आलटूनपालटून खांद्यावर हात टाकून गोल करतात. दहा मिनिटांपूर्वी तावातावाने भांडणारे दोघं शेजारी उभे असतात. वाळूवरचा गोल लहान, चेहरे एका फ्रेममध्ये मावतात.

पहिल्यांदाच जात असाल तर किनाराच निवडा. फुटबॉल वगैरे टिपायची सवय असेल, हातात ४०० पर्यंतची लेन्स असेल, तर मैदानावर जा. वेग आणि लांब थ्रो तिथेच दिसतात. दिवस एकच मिळणार असेल तर शनिवार बरा: एकाच वेळी चार सामने, कुणी 'बाजूला व्हा' म्हणत नाही. रविवारी अंतिम सामन्याला अख्खी स्पर्धा रेषेवर येऊन उभी राहते आणि तुमच्यापुढे कुणाची तरी पाठ असते.

रेषेपासून तीन मीटर मागे बसा, धावता खेळाडू अंगावर येतो तेव्हा हे अंतरही कमीच वाटतं. शाळकरी मुलांचे संघ असतील तर फोटो टाकण्याआधी त्यांच्या कोचला विचारा.