एम्प्रेस की गेंटिंग ड्रीम? बुकिंगआधी हे पाहा

कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं जहाज एम्प्रेस 1990 सालचं. 211 मीटर लांब, साधारण 48,500 टनी. सिंगापूरहून निघणारं क्रूझ जहाज गेंटिंग ड्रीम 2016 सालचं, 335 मीटर आणि दीड लाख टनांचं. हा फरक आधी खोलीत जाणवतो. एम्प्रेसवर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच आणि आतल्या खोल्या अगदी चिंचोळ्या. दोन मोठ्या बॅगा उघडल्या की पाय ठेवायला जागा नाही. ड्रीमवर बहुतांश खोल्यांना बाल्कनी आहे, पण जेवायला जायचं तरी चांगली पायपीट.

लहान जहाज जास्त डोलतं. उलट्यांचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खोली मागा. वरची बाल्कनी महाग पडते आणि हलतेही जास्त.

एम्प्रेसच्या लक्षद्वीप फेरीत एक मेख आहे. एवढं जहाजही बेटाच्या धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींतून उतरवतात. समुद्र खवळला की उतरणं रद्द. बेटासाठीच जात असाल तर आधी परताव्याचे नियम वाचा.

ड्रीमसाठी सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा, कारण जहाज देशाबाहेर जाऊन परत येतं. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने. जैन जेवण दोन्हीकडे मिळतं, बुकिंग करतानाच कळवा.

भाड्यांची तुलना करताना बंदर शुल्क, कर आणि टिप धरूनच आकडे मांडा. जाहिरातीतला आकडा बहुधा त्याशिवायचा असतो. इस्त्री घरीच ठेवा, चढतानाच काढून घेतात.

दोन-तीन रात्रींची पहिलीच चव घ्यायची तर एम्प्रेस पुरे. मुलं बरोबर असतील तर घसरगुंड्यांसाठी ड्रीमच.