बॅकअपची यूएसबी डिस्क: आपोआप जोडलेली, एफएसटॅबमधली की मागितल्यावर जोडली जाणारी?

लिनक्सवर बाहेरची यूएसबी डिस्क वापरायच्या तीन वाटा आहेत. पहिलीत काहीच करायचं नसतं. ग्नोम डेस्कटॉप (किंवा तशी सेटिंग केलेला केडीई) डिस्क आपोआप जोडून (माउंट करून, म्हणजे एका फोल्डरमधून वापरता येईल अशी करून) देतो. दुसऱ्या वाटेने गेलं तर एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी असलेली फाइल) एक ओळ लिहून डिस्कला कायमची जागा नेमून द्यायची. तिसरीत त्याच ओळीत सिस्टमडीचा (मशीन सुरू करून सेवा सांभाळणारी यंत्रणा) ऑटोमाउंट घालायचा, मग कोणी त्या फोल्डरमध्ये शिरलं की तेव्हाच डिस्क जोडली जाते. पेन ड्राइव्हवरून फोटो उतरवून घ्यायचे असतील तर पहिली वाट उत्तम. तिथे बाकीचा खटाटोप करूच नये. प्रश्न येतो तो रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) आरसिंकने (फोल्डरची प्रत ठेवणारी आज्ञा) भरल्या जाणाऱ्या बॅकअपच्या डिस्कचा. (आज्ञा आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

आधी आपोआप जोडणी. हे काम यूडिस्क्स ही डेस्कटॉपमागची सेवा करते. फेडोरावर डिस्क /रन/मीडिया/वापरकर्ता/लेबल इथे दिसते, उबुंटू-डेबियनवर /मीडिया/वापरकर्ता/लेबल इथे. ही जोडणी ग्राफिकल लॉगिन झाल्यावर होते. मशीन नुसतं चालू असेल आणि कोणी लॉगिन केलेलं नसेल, किंवा तुम्ही एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनलने) आत आला असाल, तर डिस्क लावलेली असूनही जोडलेली नसते. एवढ्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती, कारण लॉगिन करून मोकळं होता येतं.

खरी अडचण पुढे आहे, आणि माझा कौल तिथेच ठरला. समजा डिस्कचं लेबल 'बॅकअप' आहे आणि एका रात्री ती लावलेली नाही. रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या) क्रॉनमधून चाललेल्या आरसिंकला 'बॅकअप' नावाचं फोल्डर सापडत नाही. पण वरचं फोल्डर शिल्लक असेल तर आरसिंक शेवटचं फोल्डर स्वतः तयार करतो आणि कामाला लागतो. कुठलीही चूक दिसत नाही. उबुंटूवर हा डेटा थेट मुख्य डिस्कवर साठतो आणि रूट पार्टिशन भरत जातं. फेडोरावर तर /रन ही रॅममधली जागा आहे, म्हणजे प्रत रॅममध्ये तयार होते आणि मशीन पुन्हा सुरू झालं की नाहीशी होते. सकाळी तुम्ही डिस्क लावता. यूडिस्क्सला 'बॅकअप' नावाचं फोल्डर आधीच दिसतं, म्हणून तो डिस्क 'बॅकअप१' या नावाने जोडतो. त्यानंतर प्रत्येक रात्री स्क्रिप्ट खोट्या 'बॅकअप'मध्ये लिहीत राहते आणि खरी डिस्क शेजारी कोरडी पडून असते. लॉगमध्ये सगळं व्यवस्थित. बॅकअपच्या बाबतीत याहून वाईट बिघाड मला माहीत नाही, कारण तो कळतो तो फाइल परत हवी असते तेव्हाच.

मग एफएसटॅब. जागा पक्की होते, '१' लागण्याचा प्रश्न मिटतो. डिस्क यूयूआयडीने (फॉरमॅट करताना मिळणारा खास ओळख क्रमांक) ओळखायची, /डेव्ह/एसडीबी१ अशा नावाने नव्हे. ती नावं डिस्क सापडण्याच्या क्रमाने मिळतात आणि दुसरी डिस्क लावली की बदलू शकतात. यूयूआयडी 'एलएसबीएलके -एफ' दाखवतं. डिस्क पुन्हा फॉरमॅट केली की तो बदलतो, हे लक्षात ठेवावं. 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा, असं सांगणारा पर्याय) विसरलात तर डिस्क नसताना सिस्टमडी ९० सेकंद वाट बघतं आणि मग मशीन इमर्जन्सी मोडमध्ये थांबतं. घराच्या कोपऱ्यात मॉनिटर-कीबोर्डशिवाय ठेवलेल्या मशीनवर, लाइट जाऊन आल्यानंतर, हे फार महागात पडतं.

पण 'नोफेल' लावलं की तीच जुनी अडचण मागच्या दाराने आत येते. डिस्क नसली तरी /एमएनटी/बॅकअप हे रिकामं फोल्डर मुख्य डिस्कवर असतंच, आणि आरसिंक त्यात आनंदाने लिहितो. यावर दोन उपाय आहेत. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट -क्यू' ने तपासून डिस्क नसेल तर बाहेर पडायचं. किंवा डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरला 'चॅटर +आय' लावायचं, म्हणजे रूटलाही तिथे लिहिता येत नाही. मुख्य डिस्क ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस असेल तर हा दुसरा उपाय चालतो आणि मला तो जास्त भरवशाचा वाटतो. तपासणी प्रत्येक नव्या स्क्रिप्टमध्ये आठवणीने लिहावी लागते, 'चॅटर' एकदाच करावं लागतं.

ऑटोमाउंटमध्ये हे संरक्षण जोडणीतच असतं. त्या फोल्डरवर सिस्टमडी पहारा ठेवतं. आत शिरायचा प्रयत्न झाला की डिस्क जोडली जाते, आणि डिस्क नसेल तर स्क्रिप्टला रिकामं फोल्डर न मिळता चूक मिळते. आरसिंक तिथेच थांबतो. ओळीचे सहा रकाने असे: यूयूआयडी, मग /एमएनटी/बॅकअप, मग ईएक्सटी४, मग पर्याय, मग ०, मग २. पर्यायांत स्वल्पविरामाने, मध्ये जागा न सोडता: नोऑटो, नोफेल, नोएटाइम, एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट, एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१५, एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=१२०. 'नोफेल' इथे तसं लागत नाही, पण उद्या कोणी ऑटोमाउंट काढून टाकला तर मशीन अडकू नये म्हणून राहू द्यावं. ओळ लिहिल्यावर 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवून चुका बघाव्या, मग 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड', मग 'एमएनटी-बॅकअप.ऑटोमाउंट' हे युनिट सुरू करावं. फोल्डरच्या नावात आडवी रेघ ठेवू नये, युनिटच्या नावात ती विचित्र रूप घेते आणि गोंधळ होतो.

आयडल-टाइमआउटमुळे दोन मिनिटं कोणी वापरलं नाही की डिस्क नीट सोडवली जाते. लाइट अचानक जाणाऱ्या गावात याचं मोल मोठं आहे, कारण बहुतेक वेळ डिस्क सुटलेल्या, स्वच्छ अवस्थेत असते. मात्र टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उघडं राहिलं असेल तर डिस्क सुटणार नाही. अपडेटडीबीलाही (फाइली शोधण्यासाठी यादी बनवणारा प्रोग्राम) तिथे फिरकू देऊ नये, त्याच्या कॉन्फिग फाइलमधल्या प्रूनपाथ्सच्या यादीत ही जागा घालावी.

गैरसोय आहेच. डिस्क नसताना चुकून त्या फोल्डरमध्ये गेलात तर टर्मिनल १५ सेकंद गप्प राहतं. ती वेळ फार कमी केली तर उशिरा जागी होणारी डिस्क हुकू शकते. वारंवार डिस्क लावणाऱ्या-काढणाऱ्याला हे खटकेल, आणि त्याने डेस्कटॉपवरच राहणं कदाचित बरं. घरातल्या चार जणांच्या चार डिस्क असतील तरीही तेच.

फाइल सिस्टमबद्दल थोडक्यात. बॅकअपची डिस्क फक्त लिनक्सलाच लागणार असेल तर ईएक्सटी४. एक्सफॅट लिनक्सच्या ५.७ या कर्नलपासून चांगलं चालतं आणि विंडोजलाही वाचता येतं, पण त्यात जर्नल (मध्येच वीज गेली तर सावरायला मदत करणारी नोंद) नाही, मालकी-परवानग्या नाहीत, हार्ड लिंक (एकाच फाइलला अनेक नावं) नाहीत. म्हणजे आरसिंकचा 'लिंक-डेस्ट' वापरून रोजच्या वेगळ्या प्रती कमी जागेत ठेवता येत नाहीत. ईएक्सटी४ मध्ये ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते. दोन टीबीच्या डिस्कवर ती साधारण १०० जीबी होते, आणि निव्वळ डेटाच्या डिस्कवर तिचा उपयोग नाही, म्हणून 'ट्यून२एफएस -एम ०' ने सोडवून घ्यावी. नव्या ईएक्सटी४ डिस्कवर वापरकर्त्याला लिहिता येत नसेल तर डिस्क जोडलेली असताना 'चोन' (मालक बदलणारी आज्ञा) करावं. आधी केलेलं खालच्या रिकाम्या फोल्डरला लागतं, डिस्कला नाही.

काढताना घाई नको, वाट कुठलीही असो. कॉपी संपल्याचं दिसलं तरी डेटा रॅममधून डिस्ककडे जातच असतो. 'यूमाउंट' मिनिटभर अडकल्यासारखं वाटलं तर ते तेच काम करत असतं. 'टार्गेट इज बिझी' आलं तर 'फ्यूजर -व्हीएम' कोणता प्रोसेस धरून बसलाय ते सांगतं. शेवटी 'यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ' दिलं की फिरती डिस्क थांबते, मगच केबल काढावी.

डिस्क मध्येच तुटत असेल तर दोष यातल्या कुठल्याच वाटेला देऊ नये. 'डीमेसेज -डब्ल्यू' (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) उघडं ठेवून बघावं. बहुतेकदा केबल किंवा वीज कमी पडते. रास्पबेरी पाय ४ चे चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात, त्यावर दोन फिरत्या डिस्क ओढू नयेत.

सगळं लावून झालं की डिस्क काढून ठेवा आणि बॅकअपची स्क्रिप्ट हाताने चालवा. पंधरा सेकंदांनी चूक आली पाहिजे, आणि 'डीएफ' मध्ये मुख्य डिस्कची मोकळी जागा होती तेवढीच दिसली पाहिजे. चूक आली नाही, तर त्या रात्री क्रॉन बंद ठेवून ती ओळ पुन्हा तपासा.