सोलापूरहून केनाई नदीपर्यंत: एका प्रवास नियोजकाचा अनुभव

उजनीच्या काठावर चिलापी आणि कटला गळाला लावत वाढलेल्या आम्हा दोघा भावांना जुलैच्या उत्तरार्धात अलास्कातील केनाई नदीवर सॉकाय जातीचा सॅल्मन मासा पकडायचा होता, आणि ते काम आम्ही सोलापुरातल्याच एका प्रवास नियोजकाकडे सोपवले. व्हिसाची कागदपत्रे, तिकिटे, नदीकाठचा मुक्काम, यांत बोट ठेवायला जागा नव्हती.

नियमांची बाजू मात्र फारच कच्ची निघाली. अलास्कात बाहेरून आलेल्या 16 वर्षांच्या व त्यावरील प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो, किंग या सॅल्मनच्या दुसऱ्या जातीसाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि ठेवून घेतलेल्या किंगची नोंद जागच्या जागी शाईने करावी लागते, यांपैकी एकही गोष्ट आम्हाला निघण्यापूर्वी कळली नाही. शिवाय माशांची आवक पाहून तिथला मत्स्यविभाग भर हंगामात तातडीच्या आदेशाने मर्यादा बदलतो. अशा वेळी नियोजकाने नियमांची जुनी छापील पुस्तिका हाती देणे मला गंभीर वाटते. सुदैवाने तिथल्या वाटाड्याने पहिल्याच सकाळी सारे समजावून सांगितले.

माझ्या पहिल्या सॉकायच्या पाठीवरच्या पराजवळ गळ रुतला होता. गोड्या पाण्यात तोंडाखेरीज इतरत्र गळ लागलेला मासा लगेच सोडायचा असतो, म्हणून त्याला पाण्यातच धरून मी गळ सोडवला आणि तो शेपटीच्या एका फटक्यात प्रवाहाविरुद्ध निघून गेला.

तिकिटांसाठी या नियोजकाकडे मी पुन्हा जाईन. परवाना आणि ताजे आदेश मात्र मत्स्यविभागाच्या संकेतस्थळावरून स्वतःच पाहीन.