भिडेचे पाच तारे

गेल्या डिसेंबरात दक्षिण कोकणात चार दिवसांसाठी आम्ही जे घर घेतले, त्याचे मानांकन पाचपैकी ४.९२ होते आणि त्याखाली साठाहून अधिक अभिप्राय होते. वर्णनात ‘पाच मिनिटांवर’ असलेला समुद्र चालत अठरा मिनिटांवर निघाला. मागच्या खोलीतल्या कपाटाला पावसाळ्यापासूनचा कुबट वास होता, आणि टाकीत पाणी चढवणारी मोटर सकाळी हमखास रुसत असल्यामुळे सहा माणसांच्या आंघोळी बादल्यांच्या हिशेबाने उरकाव्या लागल्या. छायाचित्रांतला झोपाळा मात्र जसाच्या तसा होता. मालकांच्या आई रोज सकाळी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ घेऊन येत आणि पैशांचा विषय काढला की हसून मान हलवत. आम्ही निघताना त्या म्हणाल्या, “काय कमी-जास्त वाटला तर आमका सांगा, थंय लिवू नकात.” परतल्यावर अभिप्रायाच्या चौकटीत मी पाच तारे दिले. माझ्या लेखी ते घर साडेतीनचे होते.

त्यामुळे हे परीक्षण त्या घराचे नाही. त्याचे किंवा ज्या संकेतस्थळावरून ते घेतले त्याचे नावही मी येथे देत नाही, कारण पुढच्या पाहुण्याची दिशाभूल करण्यात माझाही वाटा आहे. परीक्षण आहे ते ताऱ्यांचे, म्हणजे अनोळखी माणसाच्या घराचे आगाऊ पैसे भरण्यापूर्वी आपण ज्या एका आकड्यावर सर्वाधिक विसंबतो त्या मानांकनाचे. त्यासाठी एअरबीएनबी या, लोकांची घरे थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळवून देणाऱ्या संकेतस्थळाची पद्धत समोर ठेवली आहे, कारण तिचे नियम जाहीर आहेत आणि तिचा अभ्यासही भरपूर झालेला आहे.

तो अभ्यास आकड्यापासूनच सुरू होतो. बोस्टन विद्यापीठातील जॉर्जिओस झर्वास, डेव्हिड प्रोसर्पियो आणि जॉन बायर्स या संशोधकांनी २०१५ साली जगभरातल्या सुमारे सहा लाख घरांची मानांकने तपासली, तेव्हा मानांकन मिळालेल्या घरांपैकी जवळजवळ ९५ टक्के घरांना साडेचार किंवा पाच तारे असल्याचे आढळले आणि सरासरी ४.७ निघाली. ट्रिपअॅडव्हायझर या प्रवाशांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर हॉटेलांची सरासरी त्याच सुमारास ३.८ होती. घरे हॉटेलांपेक्षा खरोखरच चांगली असतील, अशी शंका कोणी काढू शकेल. पण जी घरे दोन्ही संकेतस्थळांवर होती, त्यांतल्याही अधिक घरांना साडेचार किंवा त्याहून जास्त तारे एअरबीएनबीवरच होते, आणि एकीकडचा क्रम पाहून दुसरीकडचा क्रम ओळखणे कठीण होते. ज्या परीक्षेत शंभरातले पंचाण्णव विद्यार्थी विशेष प्रावीण्यात येतात, त्या परीक्षेच्या गुणपत्रिकेवरून कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवण्यासारखेच हे आहे.

या फुगवट्याला इंग्रजी लिखाणात बरीच भारदस्त नावे आहेत. आपल्याकडे त्याला भीड म्हणतात, आणि ती भिकेची बहीण असल्याचे आपल्याला लहानपणापासून ऐकवलेले असते. हॉटेलच्या व्यवस्थापकाविषयी लिहिताना कोणाच्या डोळ्यांसमोर चेहरा नसतो. घराच्या मालकाविषयी लिहिताना त्याच्या आईच्या हातची उसळ आठवते. एअरबीएनबीतील माहितीच्या आधारे अँड्री फ्रॅडकिन, एलेना ग्रेवाल आणि डेव्हिड होल्ट्झ यांनी केलेल्या कामातही यजमान आणि पाहुणा यांचा जेथे प्रत्यक्ष सहवास घडतो तेथे अभिप्राय मवाळ होतात, असा धागा सापडतो.

कंपनीने या रोगावर काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पूर्वी एका बाजूने लिहिलेले दुसऱ्या बाजूला लगेच दिसत असे, त्यामुळे ‘तू मला चार दिलेस तर मीही तुझी चादर विस्कटलेली होती असे लिहीन’ हा हिशेब उघडउघड चाले. कारण येथे यजमानही पाहुण्याला स्वच्छता, संवाद आणि घराच्या नियमांचे पालन यांवर तारे देतो. २०१४ सालापासून दोघांनी लिहून होईपर्यंत, किंवा चौदा दिवसांची मुदत संपेपर्यंत, कोणालाच दुसऱ्याचे लिखाण दिसत नाही. या बदलाच्या प्रयोगात लिहिणाऱ्यांची संख्या वाढली आणि पाहुण्यांचे तारे किंचित उतरले. किंचितच उतरले, हेच त्यातले सांगण्यासारखे. सूडाची भीती हा फुगवट्याचा लहानसा भाग होता. मोठा भाग संकोचाचा आहे, आणि पडदा लावून संकोच जात नाही.

दुसरे कारण गणिती आहे आणि ते पाहुण्यांना सहसा ठाऊक नसते. एअरबीएनबी चांगल्या यजमानांना देते तो सुपरहोस्ट हा बिल्ला मिळवण्यासाठी यजमानाची गेल्या ३६५ दिवसांतली सरासरी किमान ४.८ असावी लागते. त्याखेरीज ९० टक्के संदेशांना वेळेत उत्तर, यजमानाने रद्द केलेली बुकिंगे एक टक्क्यापेक्षा कमी आणि वर्षाला किमान दहा मुक्काम, किंवा तीन मुक्कामांत मिळून शंभर रात्री, अशा अटी आहेत, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी होते. आता ४.८चा अर्थ पाहू. एका पाहुण्याने चार तारे दिले, तर सरासरी ४.८वर ठेवण्यासाठी चार जणांनी पूर्ण पाच द्यावे लागतात. एकाने रागाच्या भरात एक तारा दिला, तर तो खड्डा भरायला एकोणीस पाच-तारे लागतात, आणि वर्षाकाठी जेमतेम वीस कुटुंबे उतरतात अशा घराचा तेवढ्यात सगळा हंगाम जातो. शाळेत पाचपैकी चार म्हणजे ऐंशी टक्के, म्हणजे पेढे. येथे पाचपैकी चार म्हणजे यजमानाच्या दृष्टीने नापास. म्हणूनच काही घरांत फ्रिजवर छापील सूचना चिकटवलेली असते, की पाच तारे म्हणजे ‘सर्व ठीक’ आणि चार म्हणजे ‘काहीतरी बिघडले’. ती वाचून मला पूर्वी राग येत असे. गणित करून पाहिल्यावर यजमानांची बाजू कळली; मापाची पट्टी मात्र त्या सूचनेमुळे आणखी वाकली, हेही तितकेच खरे.

गोव्यात, विशेषतः उत्तरेच्या किनारपट्टीवर, या वाकलेल्या पट्टीचा भार मालकाच्या खांद्यावर नसतोच. मालक मुंबईत किंवा दिल्लीत, घर एखाद्या व्यवस्थापन कंपनीकडे, आणि दारात किल्ली घेऊन उभा असतो तो केअरटेकर. निघताना तो सामान गाडीत ठेवतो आणि हळू आवाजात सांगतो, “दादा, पाच स्टार द्या, वरती बघतात.” एसीतून गळणारे पाणी त्याच्या हातात नसते, पोहण्याच्या तलावाचा पंप दुरुस्त करण्याची परवानगीही त्याला नसते, पण तारा घसरला तर आधी विचारणा त्यालाच होते. अशा वेळी ग्राहकाचा प्रामाणिकपणा नेमका कोणाच्या पगारातून वसूल होतो, हा प्रश्न मला नीट सोडवता आलेला नाही. सध्या मी केअरटेकरचे कौतुक शब्दांत करतो आणि तारे घराला देतो. हे कितपत पोहोचते, ते वरती बघणाऱ्यांनाच ठाऊक.

एकूण तारे आणि विभागवार तारे यांचा घोळ यातच भर घालतो. स्वच्छता, वर्णनाची अचूकता, प्रवेशाची सोय, संवाद, ठिकाण आणि पैशाचे मोल या सहा बाबींना वेगळे तारे असतात, पण एकूण मानांकन त्यांच्या सरासरीतून निघत नाही. ते पाहुणा स्वतंत्रपणे देतो. त्यामुळे वीज गेली, मोबाइलला रेंज नव्हती, शेजारच्या लग्नात रात्री दोनपर्यंत डीजे वाजला, यांचा राग एकूण ताऱ्यांवर निघतो. मे महिन्यात तासभर वीज गेली म्हणून कोकणातल्या यजमानाचा तारा कापणे म्हणजे महावितरणचा दंड त्याच्याकडून घेणे होय. इन्व्हर्टर आहे असे लिहून तो बंद ठेवला असेल, तर मात्र तारा जरूर कापावा. ठिकाणाला कमी तारे देणाऱ्यांचे तर मला नेहमीच नवल वाटते: नकाशा बुकिंगआधी समोर असतो, घर पाहुणा येण्याच्या दिवशी सरकलेले नसते.

या मानांकनाचा खरा फायदाही नोंदवला पाहिजे, आणि तो मला अनपेक्षित दिशेने सापडला. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी काल्पनिक पाहुण्यांच्या नावाने यजमानांना विचारणा पाठवल्या, तेव्हा कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना होकार मिळण्याचे प्रमाण गोऱ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी निघाले. हा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. पुढे रुओमेंग कुई आणि सहकाऱ्यांनी असाच प्रयोग केला, पण काही काल्पनिक पाहुण्यांच्या खात्यावर आधीच्या यजमानाचा एक चांगला अभिप्राय ठेवला. ज्यांच्या खात्यावर तो होता, त्यांच्याबाबतीत दोन नावांमधला फरक जवळजवळ नाहीसा झाला. आडनाव, आहार आणि लग्न झाले आहे की नाही हे विचारूनच भाडेकरू निवडणाऱ्या आपल्या शहरांत राहिलेल्या कोणालाही याचे मोल वेगळे सांगावे लागू नये. घराविषयी फारसे न सांगणारा तारा माणसाविषयीचा संशय मात्र कमी करतो.

बुकिंगडॉटकॉम या हॉटेले आणि घरे मिळवून देणाऱ्या दुसऱ्या संकेतस्थळावर पाहुणाच गुण देतो, यजमान त्याला उलट गुण देत नाही, आणि मोजमाप दहापैकी असते. तेथे ७.८ गुणांची घरेही दिसतात आणि ती भाड्याने जातातही. मात्र त्या पट्टीचाही इतिहास वाकडा आहे: बरीच वर्षे तेथे सर्वांत कमी गुण शून्य किंवा एक नसून अडीच होते, म्हणजे सर्व बाबतींत तळाला असलेले घरही पाव भाग भरलेले दिसे. २०१९ साली ती पद्धत बदलून पाहुण्याला एक ते दहांपैकी थेट गुण देण्याची सोय झाली. माझ्या अनुभवात तेथील मजकूर तुटक आणि रुक्ष असतो, पण टॉवेल मळके असतील तर ‘टॉवेल मळके’ एवढे लिहिलेले सापडते.

कायद्याची मदत अर्धीच आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक जाहीर केले. अभिप्राय गोळा करणे, तपासणे आणि प्रसिद्ध करणे यांची तत्त्वे त्यात आहेत, पण ते ऐच्छिक म्हणून आले. त्याआधीच्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. हे सारे खोट्या अभिप्रायांविरुद्ध आहे. माझा पाच ताऱ्यांचा अभिप्राय खोटा नव्हता: मुक्काम खरा, पैसे खरे, नाव खरे. त्याला कोणते मानक पकडणार?

आता मी घर निवडताना एकूण आकडा शेवटी पाहतो. अभिप्राय कमीत कमी ताऱ्यांपासून लावण्याची सोय एअरबीएनबीने दिली आहे, आणि २०२३ सालापासून कोणत्या ताऱ्याला किती जण, याचा आलेखही दिसतो. या दोन गोष्टींसाठी मी कंपनीला मनापासून गुण देईन. चार ताऱ्यांचे अभिप्राय सर्वांत उपयोगी असतात, कारण चार देणाऱ्याला भीड सोडावी लागलेली असते आणि त्याने ती का सोडली हे तो सहसा लिहितो. पाच ताऱ्यांच्या मजकुरात कशाचा उल्लेख नाही, हे पाहावे: वीस जणांनी मालकाच्या स्वभावाची आणि जेवणाची स्तुती केली असेल आणि एकानेही न्हाणीघराचे नाव घेतले नसेल, तर न्हाणीघराविषयी वीस जणांचे मत मिळाले असे समजायला हरकत नाही. पावसाळ्यात जायचे असेल, तर जुलै-ऑगस्टचे अभिप्राय शोधावेत. डिसेंबरचा पाहुणा ओल पाहत नाही.

कोकणातल्या त्या मालकांना मी अभिप्रायासोबतच्या खासगी निरोपात मोटर आणि कपाट या दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या. आठ दिवसांत उत्तर आले की मोटर बदलली, कपाट सुताराकडे दिले आहे. म्हणजे माझे खरे मत ज्याला उपयोगी होते त्याला मिळाले आणि घरही सुधारले. पण माझ्या आधीच्या साठ जणांपैकी किती जणांनी असेच खासगीत लिहिले आणि वर पाच तारे ठेवले, हे मला बुकिंग करताना कळण्याचा काही मार्ग नव्हता.

या पद्धतीत मला सर्वांत जास्त खुपते ती मौनाची नोंद नसणे. एअरबीएनबीने काही पाहुण्यांना अभिप्रायाबद्दल २५ डॉलरचे कूपन देऊ केले, तेव्हा एरवी गप्प राहिले असते अशा लोकांचे अभिप्राय आले, आणि ते सरासरीने अधिक नाराज होते. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाच्या बाबतीत ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थतज्ज्ञांनी विक्रेत्याचे चांगले अभिप्राय एकूण अभिप्रायांनी न भागता एकूण व्यवहारांनी भागून पाहिले. गप्प बसलेले ग्राहक अशा रीतीने छेदात आले आणि तो आकडा विक्रेत्याविषयी पुष्कळ अधिक सांगू लागला. घरांच्या बाबतीत हे करणे अवघड नाही. किती कुटुंबे राहून गेली, हे कंपनीच्या खात्यात असतेच, ४.९२च्या शेजारी ‘१४० मुक्काम, ६३ अभिप्राय’ एवढे छापले, तरी मला माझ्या पैशांचा निर्णय अधिक डोळसपणे घेता येईल. हे लिहिण्यापूर्वी मी माझा स्वतःचा हिशेब काढला. गेल्या चार वर्षांत मी अकरा घरांत राहिलो, आठ ठिकाणी अभिप्राय लिहिला, आणि आठही ठिकाणी पाच तारे दिले. ज्या तीन ठिकाणी लिहिले नाही, त्यांतल्या एका घरातून आम्ही दुसऱ्याच दिवशी निघालो होतो.