झोटेरो काही महिने वापरल्यावर, आणि 'ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.' या गृहस्थांबद्दल

मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टची संदर्भसूची आम्ही आधी एका फुकट वेबसाइटवर करायचो. लिंक टाका, शैली निवडा, कॉपी करा. मग एकदा सगळ्या नोंदी भरून झाल्यावर 'डाउनलोड' दाबलं, तर दरमहा वर्गणी मागायला लागली. आम्हीच टाइप केलेली यादी, आणि ती सोडवून घ्यायला आम्हीच पैसे भरायचे! त्या रागात झोटेरो उतरवलं.

संदर्भांच्या नोंदी साठवून त्यांची सूची करून देणारं हे सॉफ्टवेअर बहुतेकांना ठाऊक असेल. 2006 पासून आहे, फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे. ऑनलाइन साठवणीला 300 एमबीची मर्यादा आहे, पण ती जोडलेल्या फायलींना, नोंदींना नाही. शाळेच्या कामाला पीडीएफचा ढीग लागतो कुठे? माझा एक पैसाही गेलेला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल त्या जुन्या वेबसाइटने सूचीत असा टाकला होता: 'ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.' म्हणजे आडनाव ऑर्गनायझेशन आणि वर्ल्ड हेल्थ हे पाळण्यातलं नाव! युनिसेफ एकशब्दी, म्हणून वाचलं. हसून सोडून द्यावं असंही नाही. नोंद डब्ल्यूऐवजी ओखाली जाते, मजकुरातल्या कंसात नुसतं 'ऑर्गनायझेशन' आणि साल उरतं, आणि तपासणाऱ्या बाईंना कोणती संघटना ते कळत नाही. झोटेरोत लेखकाच्या रकान्याशेजारी एक इवलंसं बटण आहे. दाबलं की नाव-आडनावाचे दोन खण मिळून एक होतो आणि संस्थेचं नाव अखंड राहतं. या एका बटणासाठी मी पूर्ण तारे देईन. फक्त ते दाबायला विसरू नका, कारण वेबपानानेच नाव तुकडे करून दिलं असेल तर इथेही ते तुकड्यांतच येतं.

सुरुवातीला मी भेटेल त्याला झोटेरोतल्या जादूच्या कांडीचं, म्हणजे कांडीचं चित्र असलेल्या बटणाचं, कौतुक सांगत होते. पुस्तकाचा आयएसबीएन किंवा लेखाचा डीओआय (दोन्ही ओळख क्रमांकच) टाका, नोंद तयार. आता तो उत्साह ओसरलाय. कांडी ग्रंथालयांच्या आणि इतर याद्यांमधून माहिती आणते, त्यामुळे यादीत जे असेल तेच पदरात पडतं. कधी आवृत्ती नाही, कधी अनुवादक लेखकाच्या जागी, कधी अख्खं शीर्षक कॅपिटल अक्षरांत. म्हणून पुस्तकाचं शीर्षकाचं पान आणि त्याची मागची बाजू समोर ठेवूनच आम्ही नोंद तपासतो. कांडीने टाइपिंग वाचतं, तपासणी नाही. (आणि एआयकडून आयती सूची मागणाऱ्यांनो, स्वल्पविराम सुरेख जागच्या जागी असतात, पुस्तक अस्तित्वात असेलच असं नाही.)

इंग्रजी शीर्षकांबद्दल एक गोष्ट उशिरा कळली. एपीए आणि एमएलए या संदर्भ लिहिण्याच्या दोन शैली. एपीएच्या सूचीत शीर्षकाचा आणि उपशीर्षकाचा पहिला शब्द आणि विशेषनामं एवढीच कॅपिटलने सुरू होतात, तर एमएलएत जवळजवळ सगळे महत्त्वाचे शब्द. झोटेरोत शीर्षक एपीएच्या पद्धतीने ठेवावं. त्यावरून एमएलए आपोआप होतं, उलटं होत नाही, कारण विशेषनाम कोणतं हे यंत्राला ओळखता येत नाही. हे जमल्यावर बाईंनी ऐनवेळी 'एपीए नको, एमएलए करा' म्हटलं तरी घरात रडारड नाही. शैली बदलली की सूची बदलते.

2019 मध्ये आलेल्या एपीएच्या सातव्या आवृत्तीत प्रकाशनाचं गाव लिहायचं नसतं. मुलीच्या मैत्रिणीच्या सूचीत ते अजून दिसतं, कारण ती कुठलातरी जुना नमुना बघून लिहिते.

झोटेरोचं वर्डमध्ये बसणारं प्लगइन बरं चालतं, त्यातून संदर्भ थेट मजकुरात टाकता येतात. गटातल्या कुणाला फाइल वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची असेल तर संदर्भांचे दुवे तोडलेली वेगळी प्रत द्या, मूळ फाइल आपल्याकडेच ठेवा.

दोन-चार नोंदींच्या निबंधाला एवढं सगळं उतरवून घेण्याची गरज नाही. झोटेरोवाल्यांचंच झोटेरोबिब हे ब्राउझरमध्ये चालतं, खातंही लागत नाही. यादी मात्र त्या ब्राउझरमध्येच साठते. घरात कुणाला ब्राउझर साफ करायची हौस असेल तर सूचीची लिंक आधीच काढून ठेवा.