क्लाउडवर टाकण्याआधी कुलूप: व्हेराक्रिप्ट की क्रिप्टोमेटर?

आधार, पॅन, सात-बाराचे स्कॅन क्लाउडवर ठेवायचे असतील, तर ते आपल्याच कॉम्प्युटरवर एन्क्रिप्ट करून (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाहीत असे करून) मगच वर जाऊ द्यावेत. त्यासाठीचे व्हेराक्रिप्ट आणि क्रिप्टोमेटर हे दोन्ही प्रोग्राम मुक्त स्रोत आहेत आणि दोन्हींत एईएस-२५६ ही एन्क्रिप्शनची मजबूत पद्धत वापरता येते. फरक आहे तो रचनेत.

व्हेराक्रिप्ट सगळ्या फाइल्स एकाच कंटेनरमध्ये, म्हणजे कुलूपबंद पेटीसारख्या एका मोठ्या फाइलमध्ये, ठेवतं. ५ जीबीचा कंटेनर केला, की आत एकच पावती असली तरी क्लाउडला ५ जीबीची एकच फाइल दिसते. आत काय नि किती, काही कळत नाही. गुप्ततेत हे सरसच. पण सिंकला, म्हणजे कॉम्प्युटर नि क्लाउडवरची प्रत सारखी ठेवायला, ते जड जातं. ड्रॉपबॉक्स बदललेले तुकडेच पाठवतं, मात्र सगळ्याच सेवा तसं करत नाहीत. शिवाय व्हेराक्रिप्ट कंटेनरची बदलाची वेळ मुद्दाम जुनीच ठेवतं, त्यामुळे काही सिंक प्रोग्रामना बदल झाल्याचा पत्ताच लागत नाही. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन वेळ जुनीच ठेवण्याच्या पर्यायासमोरची खूण आधी काढा. आणि एकच कंटेनर दोन कॉम्प्युटरवर एकाच वेळी उघडू नका, दोन वेगळ्या प्रती होऊन बसतील.

क्रिप्टोमेटर प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे एन्क्रिप्ट करतं, नावासकट. एक पीडीएफ बदलली तर तेवढीच वर जाते. मोबाइल ॲपही आहे. व्हेराक्रिप्टचं अधिकृत ॲप नाही. फाइल्सची संख्या, साधारण आकार आणि बदलाची वेळ मात्र क्लाउडला दिसते. घरच्या कागदपत्रांसाठी मला हे चालतं, म्हणून रोजच्या सिंकला मी क्रिप्टोमेटरच सुचवेन. व्हॉल्ट (क्रिप्टोमेटरचं कुलूपबंद फोल्डर) बनवताना मिळणारी रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरल्यास कामी येणारी किल्ली, कागदावर उतरवून कपाटात ठेवा. व्हेराक्रिप्ट पेनड्राइव्हवरच्या बॅकअपसाठी उत्तम.