‘आइस प्लॅनेट बार्बेरियन्स’ की ‘स्ट्रेंज लव्ह’? परग्रहावरचा शृंगार कुठे जमतो, कुठे फसतो

परग्रहवासी नायकाच्या शृंगारिक कादंबऱ्या वाचायला घेणारे बहुतेक वाचक सुरुवात रूबी डिक्सनच्या ‘आइस प्लॅनेट बार्बेरियन्स’पासून करतात. लेखिकेने २०१५ साली ती स्वतःच प्रकाशित केली. २०२१ मध्ये टिकटॉकवरच्या वाचकांनी तिला डोक्यावर घेतलं आणि त्याच वर्षाअखेरीस बर्कली या प्रकाशनसंस्थेने ती नव्याने छापली. एवढ्या बोलबाल्यामुळे तिच्याबद्दल दोनच टोकाची मतं ऐकू येतात. कुणी मालिकेवर जीव टाकतं, कुणी पहिल्या चाळीस पानांतच पुस्तक मिटतं. दोघांकडेही सबळ कारण आहे आणि ते एकच आहे: खुई.

जॉर्जी आणि इतर मुलींना हिरवे परग्रहवासी पळवून नेतात. यानात बिघाड होतो आणि मुलींसकट मालाचा कप्पा एका बर्फाळ ग्रहावर टाकून ते निघून जातात. मदत शोधायला बाहेर पडलेली जॉर्जी वेक्टलच्या फासात अडकते. वेक्टल सा-खुई जमातीचा प्रमुख: निळा, शिंगं-शेपूट असलेला, माणसापेक्षा बराच उंच. या ग्रहाच्या हवेतच विषारी घटक आहे. शरीरात खुई नावाचा सहजीवी, म्हणजे अंगात राहून साथ देणारा जीव, घेतला नाही तर माणूस आठवडाभरात संपतो. तो मिळवायला सा-कोहत्स्क या अवाढव्य जनावराची शिकार करावी लागते. खुई अंगात आली की थंडी सोसते, जखमा भरतात, डोळे निळे चमकू लागतात. आणि तीच जोडीदारही ठरवते. योग्य व्यक्ती समोर आली की छातीत गुणगुण सुरू होते, याला रेझोनन्स म्हणतात. गर्भ राहीपर्यंत ती ओढ दोघांना सोडत नाही.

कथानकाची यंत्रणा म्हणून ही कल्पना भक्कम आहे. तिच्यामुळे पुस्तकाला मुदत मिळते. प्रेम जमेल तेव्हा जमेल, पण हातात दिवस थोडेच आहेत आणि मागे राहिलेल्या मुली आजारी पडत चालल्या आहेत. अंगात कायमचा राहणारा परका जीव स्वीकारायचा की मरायचं, हा प्रश्न शृंगाराच्या प्रसंगांइतकाच जोरात पुस्तक ओढून नेतो. या प्रकारातल्या शेकडो स्वस्त ई-पुस्तकांत ग्रह म्हणजे नुसता पडदा असतो. इथे थंडी, अन्न, कातडी, शिकार, गुहेतली झोपायची व्यवस्था यांतूनच दोघांची जवळीक वाढते.

तीच खुई पुस्तकाचा सगळ्यात मोठा दोषही आहे. पहिल्याच भेटीत जॉर्जी पुरती शुद्धीवर येण्याआधी वेक्टल तिच्याशी शरीरजवळीक सुरू करतो. गुणगुण झाली म्हणजे ती आपलीच, असं तो धरून चालतो. लेखिका तो प्रसंग हलकाफुलका करते आणि पुढे जाते. इथे पुस्तक ठेवणाऱ्या वाचकाला ‘अहो, कल्पनारंजन आहे, सोडा’ म्हणणं बरोबर नाही. शरीरातला जीव होकार देतो म्हणून माणसाचाही होकार धरायचा, ही गोष्ट निदान पात्रांना तरी खटकायला हवी होती. त्याआधी, अपहरणाच्या प्रकरणांत, पहारेकऱ्यांकडून होणाऱ्या लैंगिक हिंसाचाराचा भाग आहे. ज्यांना असं वाचवत नाही त्यांनी हे आधी माहीत करूनच पुस्तक उघडावं.

भाषेचा भाग मात्र मनापासून आवडावा असा. निवेदन आलटूनपालटून प्रथमपुरुषी आहे. एक प्रकरण तिचं, एक त्याचं. एकच हावभाव दोघं वेगवेगळा वाचतात आणि दोन्ही अर्थ फक्त आपल्याला कळतात. ही गंमत आणखी शंभर पानं चालली असती तरी चाललं असतं. पण वडीलधाऱ्यांची गुहा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या यानात जॉर्जीच्या डोक्यात भाषा थेट भरली जाते आणि ताण एका फटक्यात सैल पडतो. विज्ञान शृंगाराला मदत करता करता त्याचीच हवा काढून घेतं, ते असं.

मालिकेत पुढे जायचं असेल तर क्रम पाळा. ‘बार्बेरियन एलियन’मध्ये राहोश लिझला सरळ पळवून नेतो, पहिल्या पुस्तकात होकाराचा मुद्दा खुपला असेल तर इथे तो दुप्पट खुपेल. मात्र लिझ त्याला शब्दाला शब्द देते आणि जमातही त्याला शिक्षा करते, म्हणजे निदान परिणाम तरी दिसतो. ‘बार्बेरियन माइन’ सगळ्यांत उजवं. रुख जमातीबाहेर एकटा वाढलेला, त्याला धड बोलता येत नाही, आणि इथे भाषा एका झटक्यात मिळत नाही. हार्लोला ती एकेक शब्दाने बांधावी लागते. ‘बार्बेरियन्स हार्ट’ ही आधीच जुळलेल्या जोडप्याची कथा आहे. अपघातानंतर पाशोव बायकोलाच, स्टेसीला, विसरतो. हे पुस्तक भिडायला दोघांची मागची ओळख हवीच, नाहीतर स्टेसीचं दुःख पोकळ वाटतं.

सलग पाच-सहा वाचली की साचा उघडा पडतो: गुणगुण, नकार, हिमवादळ, एक गुहा, गर्भधारणा. जवळपास प्रत्येक पुस्तकाचा शेवट बाळाकडे जातो. मूल न होणं किंवा नको असणं हे सुख म्हणून आलेलं पाहायचं असेल तर ही मालिका निराश करेल. दोन पुस्तकांमध्ये दुसरं काहीतरी वाचणं उत्तम.

ते दुसरं म्हणून अ‍ॅन अ‍ॅग्विरेची ‘स्ट्रेंज लव्ह’ (२०२०) घ्या. झायलार हा कवचधारी, कीटकासारखा परग्रहवासी. त्याच्या जगात जोडीदार मिळवायला स्पर्धा असते आणि त्यात तो आधीच अनेकदा हरलेला आहे. ठरलेल्या वधूला आणायला निघतो आणि चुकून पृथ्वीवरच्या बेरिलला, तिच्या कुत्र्यासकट, घेऊन जातो. चूक कळल्यावर माफी मागतो. परत सोडण्याची सोय उरलेली नसते, म्हणून पुढे काय करायचं हे तिला विचारतो. हे विचारणं पुस्तकभर चालू राहतं आणि सगळा शृंगार त्यातून फुलतो. वेक्टलचं शरीर माणसाला सोयीचं आहे. निळा रंग आणि शिंगं वगळली तर अडचण काही नाही. झायलारचं शरीर खरोखर वेगळं आहे. त्याला कुठे स्पर्श कळतो, तिला काय दुखेल, चुंबन म्हणजे काय, सगळं बोलून ठरवावं लागतं. त्या बोलण्यात जितकी ऊब आहे तितकी बर्फाच्या ग्रहावरच्या अर्ध्या मालिकेत नाही. कुत्र्याला वाचा मिळते ही करामत काहींना पोरकट वाटते. पुस्तकाच्या खेळकर सुराला ती शोभते. स्पर्धेचा उत्तरार्ध थोडा घाईत उरकलाय, एवढी तक्रार रास्त.

उघड शृंगार कमी आणि कथानक जास्त हवं असेल तर जेसी मिहालिकची ‘पोलारिस रायझिंग’ (२०१९) बघा: पाठलाग, घराण्यांचं राजकारण, मोजकेच पण स्पष्ट प्रसंग. एव्हरिना मॅक्सवेलची ‘विंटर्स ऑर्बिट’ (२०२१) दोन पुरुषांच्या राजकीय विवाहाची संयत कथा आहे. तिला शृंगारिक म्हणून विकत घेतलंत तर फसाल, प्रेमकथा म्हणून घेतलीत तर नाही.

खरेदीआधी किंडलवरचा मोफत नमुना पूर्ण वाचा. त्यात तीन गोष्टी शोधा: परग्रहवासी ‘नाही’ ऐकतो का, दोघांना एकमेकांची भाषा कशी आणि किती लवकर कळते, आणि त्याच्या शरीराचा वेगळेपणा कथेत काही काम करतो का. मुखपृष्ठावरच्या उघड्या छातीवरून यातलं काहीच कळत नाही. डिक्सनच्या बाबतीत एक जास्तीची काळजी घ्या: मूळ स्वप्रकाशित आणि बर्कलीची अशा दोन्ही आवृत्त्या फिरतात, मुखपृष्ठं वेगळी असतात, त्यामुळे एकच पुस्तक दोनदा घेतलं जाऊ शकतं. नाव आणि मालिकेतला क्रमांक दोन्ही जुळवून मगच पैसे भरा.